शांघायच्या शिपायाचे शिक्षण

पोलीस म्हटला की आमच्यासारख्या चळवळीतल्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. कारखान्याच्या फाटकावर आम्ही लाठ्या खाल्लेल्या आहेत. परंतु लाठी मारणाराही महिन्याच्या पगारावरच जगतो. त्याने रात्रपाळी करून जिवंत घरी परतावे, ही मागणी रास्तच आहे. तिचा विचार फार बारकाईने झाला तो चीनमधील शांघाय शहरी.

तेथील परकीयांच्या वसाहतीच्या पोलीस दलात युरोपीय, चिनी आणि आपल्याकडील शीख शिपाई होते. १९०७ साली फेअरबेर्न नावाचा इंग्रज त्यात दाखल झाला. गुंडांचा जबर मार खाल्ल्यावर तो जुजुत्सू शिकला, आणि पुढे इतरांना शिकवू लागला. साडेबारा वर्षांत दलाच्या ६६६ सशस्त्र चकमकी झाल्या, असा त्याचा हिशेब आहे. चकमक घडे चार पावलांवर, अंधारात, क्षणार्धात. शिक्षण मात्र लख्ख उजेडात, सावकाश नेम धरण्याचे! म्हणून त्याने जिने, अंधाऱ्या वाटा व अवचित पुढे येणारी निशाणे असलेले सरावघर उभारले. नेम धरीत न बसता, बोट दाखवावे तसे पिस्तूल रोखावे, हा त्याचा धडा. साइक्स या सहकाऱ्यासह त्याने १९४२ साली ‘शूटिंग टु लिव्ह’ या पुस्तकात तो मांडला.

पण याच दलाची दुसरी नोंदही वाचली पाहिजे. मे १९२५ मध्ये जपानी मालकीच्या कापडगिरणीत एक चिनी कामगार गोळीला बळी पडला. ३० मे रोजी निषेधाचा जमाव पोलीस ठाण्याच्या दारी आला. गोऱ्या अधिकाऱ्याच्या हुकुमावरून शीख व चिनी शिपायांनी त्यावर गोळ्या झाडल्या. निःशस्त्र माणसे मेली. शहरभर हरताळ पडला. त्यानंतर दंगलीसाठी राखीव तुकडी उभारली गेली. शिक्षक तोच, फेअरबेर्न. गोळीवाचून जमाव पांगवणे हीदेखील शिकण्याची विद्या आहे, हे माणसे मेल्यावर उमगले.

आमचे म्हणणे इतकेच. न शिकलेला, भ्यालेला हात घोड्यावर लवकर जातो. म्हणून शिपायाला दोन्ही विद्या द्याव्यात, आधी द्याव्यात. परंतु हुकूम देणारा कोणाला जबाबदार, हे कोणतेही सरावघर शिकवीत नाही. शांघायच्या त्या वसाहतीत चिनी रहिवासी कर भरीत. पण तिच्या कौन्सिलात १९२८ पर्यंत एकाही चिनी माणसाला जागा नव्हती. गोळी सुटली ती शिपायाच्या बंदुकीतून खरी. तिची वाट मात्र त्या कौन्सिलाने आधीच मोकळी ठेवली होती.