सर्पगंधा, मिरी आणि दुसरा पक्षाघात

एकदा पक्षाघात येऊन गेलेल्या रुग्णाच्या घरात दुसऱ्या झटक्याची भीती मुक्कामाला असते. म्हणूनच ‘हळदीने रक्त पातळ होते, नेहमीच्या गोळीबरोबर तीही घ्या’ हा सल्ला तेथे चटकन पटतो. तो हसण्यावारी नेऊ नये आणि डोळे मिटून पाळूही नये. वनस्पतिजन्य द्रव्य आधुनिक औषधाच्या जोडीला कसे येते, याचे दोन भारतीय दाखले आपल्यासमोर आहेत.

पहिला दाखला सर्पगंधेचा. ही मसाल्याची वस्तू नव्हे. आमच्या छत्तीसगडच्या सालवनांतही आढळणारी ही औषधी वनस्पती आहे. तिच्या मुळीने रक्तदाब उतरतो, असे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली नोंदवले. पुढे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन हे शुद्ध द्रव्य वेगळे केले. त्यामुळे चिमटीची जागा मिलिग्रॅमने घेतली.

त्यानंतर अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखालील चाचणीत रेसर्पिन अन्य दोन औषधांसह देण्यात आले. १९७० चे निष्कर्ष बोलके आहेत : बनावट गोळी घेणाऱ्या १९४ पुरुषांपैकी २० जणांना पक्षाघात झाला, तर औषधे घेणाऱ्या १८६ पैकी केवळ ५ जणांना. रक्तदाब आटोक्यात ठेवला की पक्षाघात टळतो, हे अशा मोजणीतून सिद्ध झाले. दुसऱ्या झटक्याबाबतही तेच खरे आहे, हे पुढे २००१ मध्ये ६,१०५ रुग्णांच्या ‘प्रोग्रेस’ चाचणीने दाखवले. तेथे औषधे मात्र वेगळी होती. रेसर्पिनने काहींना नैराश्य येते, हेही नोंदींतूनच कळले आणि त्याचा वापर मागे पडला.

दुसरा दाखला थेट स्वयंपाकघरातला. सुंठ, मिरी आणि पिंपळी यांचे त्रिकटू आयुर्वेदाच्या इतक्या पाठांत का असते, हा प्रश्न जम्मूच्या प्रयोगशाळेत सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतला. मिरी-पिंपळीतील पाइपरिनमुळे इतर औषधे रक्तात अधिक प्रमाणात पोहोचतात, असे दिसून आले. या संशोधनातून २००९ मध्ये क्षयरोगाची एक गोळी भारतात आली. तिच्यात १० मिलिग्रॅम पाइपरिनच्या साथीने रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणता आली.

याच गुणात धोकाही दडलेला आहे. औषधांचे विघटन करणाऱ्या यकृतातील काही विकरांना पाइपरिन अडवते. हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्केच असते आणि तेही रक्तात फारसे उतरत नाही. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पाइपरिन दिले, तेव्हा हे प्रमाण सुमारे २० पट वाढले. म्हणूनच बाजारातील अनेक हळद-कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क असतो. परीक्षानळीत कर्क्युमिन रक्तातील प्लेटलेट एकमेकींना चिकटू देत नाही. पण अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल हेच काम करत असताना, अथवा वॉरफरिन चालू असताना, त्यात अशा कॅप्सूलची भर पडली तर रक्तस्राव होऊ शकतो, कदाचित मेंदूतच.

भिलाईत रुळांचे पोलाद बनवताना मँगनीज उपयुक्त आहे एवढ्यावर कोणी ते ओतत नाही. किती घालायचे ते ठरलेले असते आणि प्रत्येक घाण तपासली जाते. पक्षाघाताच्या रुग्णाच्या शरीराला याहून कमी काळजी पुरेशी कशी ठरेल?

हळदीने दुसरा पक्षाघात टळतो, हे दाखवणारी मोठी चाचणी आज उपलब्ध नाही. तोवर भाजीतली हळद खुशाल खावी. कॅप्सूल घेण्याआधी मात्र डॉक्टरांना विचारावे आणि चालू असलेली गोळी स्वतःहून कधीही बंद करू नये. वकिलांनी सर्पगंधेसाठी रुग्णागणिक नोंदी ठेवल्या. हळदीवर आपला खरोखर विश्वास असेल, तर तिच्यासाठीही तेवढे कष्ट घ्यायला हवेत.