एलबीएस रोड, ताश्कंद आणि चाली लिहून ठेवणारी माणसं

परवा कांजूरला एलबीएस रोडवर मेट्रोच्या खांबांखाली बस पाऊण तास अडकली. शेजारी आठवी-नववीतला मुलगा बसला होता. कंटाळून त्याने विचारलं, "काका, एलबीएस म्हणजे काय हो?" म्हटलं, लाल बहादूर शास्त्री. ताश्कंदला गेले ते. १० जानेवारी १९६६ ला पाकिस्तानशी करार झाला आणि त्याच रात्री, ११ तारीख लागल्यावर, त्यांनी प्राण सोडला. आपल्याला ताश्कंद माहीत आहे ते एवढ्यापुरतंच.

मला मात्र ताश्कंदचं आणखी एक १९६६ माहीत आहे, आणि त्याची गोष्ट बरेच दिवस सांगायची होती. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

त्या वर्षी ताश्कंदमध्ये 'शशमकाम'च्या स्वरलिपीचा पहिला खंड निघाला. शश म्हणजे सहा. बुझुर्क, रास्त, नवा, दुगाह, सेगाह आणि इराक हे सहा मकाम. बुखाऱ्याच्या अमिराच्या दरबारात वाढलेलं हे अभिजात संगीत, आणि आपल्यासारखंच गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जाणारं. ते कागदावर उतरवणारे होते युनुस रजबी. जन्म १८९७, ताश्कंदचाच. गायक, वादक आणि संगीतकार. गाणी केली, संगीत नाटकांना चाली दिल्या, 'झैनब आणि ओमोन' या ऑपेराचं संगीत इतरांबरोबर मिळून केलं. पण तिकडे लोक त्यांना ओळखतात ते या खंडांमुळे. १९७५ पर्यंत सहा खंड झाले आणि पुढच्याच वर्षी रजबी गेले.

हे सरळ झालं नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत राज्यकर्त्यांनी मकामावर सरंजामी, जुनाट असा शिक्का मारला होता. अमिराच्या दरबारातलं गाणं कामगारांच्या राज्यात कशाला? हवा बदलली तेव्हा, १९५९ मध्ये, रजबींनी ताश्कंद रेडिओवर मकाम गाणाऱ्यांचा संच उभा केला. म्हणजे नुसतं लिहिलं नाही, गाऊन घेतलं.

आता त्यातली खोच. शशमकाम पहिल्यांदा लिहिला गेला तो त्याआधीच, १९२३ मध्ये. व्हिक्टर उस्पेन्स्की नावाच्या संगीतकाराने बुखाऱ्याच्या म्हाताऱ्या उस्तादांसमोर बसून तो उतरवला आणि १९२४ ला छापला. पुस्तकात सूर होते, शब्द नव्हते. बुखाऱ्यात हे गाणं मुख्यतः फारसीत, म्हणजे ताजिकमध्ये गायलं जायचं, आणि तेव्हा उझबेक राष्ट्र घडवायचं चाललं होतं. पुढे रजबींच्या खंडांत उझबेक कविता आल्या. शेजारच्या ताजिकिस्तानने आपले खंड वेगळे काढले, ताजिक शब्दांचे. सूर तेच, मालक दोन. २००३ मध्ये युनेस्कोने शशमकामाचा गौरव केला तो दोन्ही देशांच्या नावाने, तेव्हा कुठे निदान कागदावर वाटणी झाली.

हे वाचताना मला सारखे आठवत होते आपले विष्णू नारायण भातखंडे. हा माणूस वाळकेश्वरचा, जन्म १० ऑगस्ट १८६०. शिक्षण वकिलीचं. बायको आणि मुलगी दोघी लवकर गेल्या, त्यानंतर वकिली सुटली आणि ते गाण्यामागे देशभर हिंडले. १९०४ ला दक्षिणेत, मग कलकत्ता, मग उत्तरेत. रामपूरला वझीर खाँ, जयपूरला मोहम्मद अली खाँ. जिथे बंदिश मिळेल तिथे हा वकील शागीर्द होऊन बसला. त्यातून 'क्रमिक पुस्तकमालिका'चे सहा भाग निघाले, अठराशेच्या आसपास बंदिशी. शेवटचे भाग ते १९३६ ला गेल्यावर आले. स्वतःही रचना केल्या. रागाचे नियम त्या रागातच गाऊन सांगणारी लक्षणगीतं, त्यांत 'चतुर' ही सही.

मी पेटी शिकलो ती क्रमिकवरच. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र, फुली म्हणजे सम. इतकं सोपं की कांजूरच्या चाळीतला मुलगा रामपूरची चीज वाजवू शकतो. (नीट वाजवतो का, हा प्रश्न माझ्या मास्तरांना विचारू नका.)

पण माझ्याकडच्या प्रतीत बंदिशीच्या डोक्यावर राग आहे, ताल आहे. ती कुणी दिली ते नाही. खाँसाहेबांना गाता येतं, शास्त्र येत नाही, असा भातखंड्यांचा सूर त्यांच्या लिखाणात वारंवार लागतो. ते मला खटकतं. ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याबद्दल इतकी अढी? आणि तरी, त्यांनी लिहिलं नसतं तर माझ्या बोटांत त्यातलं काहीच आलं नसतं. ही दोन्ही वाक्यं मला एकत्रच म्हणावी लागतात.

ताश्कंदमध्ये २००१ पासून एका मेट्रो स्टेशनचं नाव युनुस रजबी आहे. रोज हजारो माणसं ते नाव ऐकत उतरतात. आपल्याकडे खांब उभे राहतायत. भातखंड्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे, पण लखनौला.

हे सगळं आत्ता का सुचलं, तर आमच्या चाळीतले बुवा. भांडुप-कांजूर हा कोकणी माणसांचा पट्टा, डबलबारी इथे किती रंगते ते तुम्हाला सांगायला नको. बुवा ८१ वर्षांचे. रूपावली, गजर, गौळण, सगळं डोक्यात. कागद एक नाही. चाळ पुनर्विकासात गेली, भाड्याचे पैसे घेऊन ते महिनाअखेरीस गावी निघालेत. गेले तीन रविवार मी पेटी घेऊन त्यांच्याकडे बसतोय. ते म्हणतात, मी मोबाइलवर रेकॉर्ड करतो आणि घरी येऊन वहीत स्वर मांडतो. बावीस चाली झाल्या.

मागच्या रविवारी वही दाखवली. प्रत्येक चालीवर मी त्यांचं नाव घातलं होतं. चष्मा पुसून त्यांनी पहिलं पान बराच वेळ बघितलं.

"ही चाल माझी नाय रे. माझ्या गुरूंची. तेंचा नाव आधी लिही."

मग एकेका पानावर बोट ठेवून सांगत गेले, ही कुणाची, ती कुणाची. सात चालींवर माझं लिहिलेलं नाव खोडावं लागलं. एका गौळणीपाशी थांबले. ही त्यांनी ऐकली होती मिलच्या गेटवर, सप्ताहात. गाणाऱ्याचं नाव तेव्हा विचारलं नव्हतं.

तिथे मी जागा कोरी सोडली आहे. उरलेल्या रविवारी पेटीबरोबर पखवाजाचे बोलही उतरवायचे आहेत, आणि ते मला येत नाहीत. कांजूर, भांडुप, विक्रोळीत कुणी पखवाजवाले असतील तर मेसेज करा.