दोघी, एक मोटार आणि एक धमकी

‘थेल्मा अँड लुईस’ (१९९१) या चित्रपटाचं कूळ काढायला बसलेले बहुतेक जण १९६९ च्या ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ या वेस्टर्नपाशी जाऊन थांबतात. दोन जिवलग, चहूबाजूंनी बंदुका, सुटायला वाट नाही आणि शेवटी मरण दाखवण्याऐवजी गोठवलेली चौकट. साम्य आहेच. पण त्या चित्रपटातली बाई, एटा, या दोघांचं मरण आपण बघणार नाही म्हणते आणि शेवट यायच्या आधीच घरी निघून जाते. ज्या घराण्यातून बाई मधेच उठून जाते, त्या घराण्याची वारस म्हणून थेल्मा-लुईसची नोंद कशी करायची? माझ्या मते त्यांची खरी पणजी १९१५ सालच्या एका ओव्हरलँड मोटारीत बसलेली आहे.

त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरलं होतं. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून झगडणाऱ्या काँग्रेशनल युनियनने तिथे एक लांबलचक अर्ज तयार केला होता. त्यावर पाच लाख सह्या असल्याचं संघटना सांगे. तो वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या हाती द्यायचा होता. रेल्वेने नेला असता तर वर्तमानपत्रांनी ढुंकूनही पाहिलं नसतं. ऱ्होड आयलंडमध्ये स्थायिक झालेल्या मारिया किंडबर्ग आणि इंगेबोर्ग किंडस्टेट या दोन स्वीडिश बायकांनी परतीच्या प्रवासासाठी मोटार घेतलीच होती. त्यांच्याबरोबर सारा बार्ड फील्ड या कवयित्रीला पाठवायचं ठरलं. चालवायची किंडबर्गने, यंत्र सांभाळायचं किंडस्टेटने आणि भाषणं करायची फील्डने. मेबल व्हर्नन रेल्वेने पुढे जाऊन गावोगाव सत्कार-सभांची तयारी करत होती.

नेवाडाच्या वाळवंटात त्या वाट चुकल्या, कॅन्ससच्या चिखलात रुतल्या. डिसेंबरात वॉशिंग्टनला पोचल्या. इथपर्यंत कथा चळवळीच्या इतिहासाला साजेशीच आहे. मला खरी गोम सापडली ती फील्डने उतारवयात नोंदवलेल्या आठवणींत. किंडस्टेटने म्हणे प्रवासातच तिला बजावलं होतं: हा प्रवास संपायच्या आत मी तुला मारून टाकीन. कारण साधं होतं. मोटार या दोघींची, कष्ट या दोघींचे, आणि प्रत्येक गावात हार-तुरे, छायाचित्रं मात्र फील्डची. किंडस्टेट स्वतः कार्यकर्ती होती, तिलाही बोलायचं होतं. फील्डची आठवण एकतर्फी आहे हे मान्य. पण हेवा, थकवा आणि एकाच ध्येयाने बांधलेली गाठ एका मोटारीत कोंबली की काय होतं, ते पुढे पडद्यावर यायचं होतं.

मोटार बाईच्या हाती आली ती आधी जाहिरातीपायी. १९०९ साली मॅक्सवेल कंपनीने बावीस वर्षांच्या ॲलिस रॅम्सीला तीन सोबतिणींसह न्यू यॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला धाडलं. ५९ दिवस लागले, आणि चौघींत चालवता येत होतं एकटीलाच. कंपनीचा हिशेब उघड होता: बाई चालवू शकते, म्हणजे कोणीही चालवू शकेल. हिशेब अपमानाचा, पण स्टिअरिंग खरं.

चित्रपटाने ते स्टिअरिंग उचललं आणि लगेच सोडलं. १९१४ च्या ‘मेबल ॲट द व्हील’मध्ये मेबल नॉर्मंड शर्यतीची गाडी हाकते, वीस वर्षांनी ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये क्लॉडेट कोलबर्ट गाडी थांबवण्यासाठी स्कर्ट वर करून पाय दाखवते. मधल्या काळात हा धागा चित्रपटांनी नव्हे, जाहिरातींनी जपला, असा माझा ठाम तर्क आहे. पुरावा म्हणून एकच जाहिरात पुरे. मोटारी बनवणाऱ्या नेड जॉर्डनने वायोमिंगमधून जाताना रेल्वेच्या खिडकीतून एक घोडेस्वार मुलगी पाहिली आणि १९२३ साली ‘जॉर्डन प्लेबॉय’ मोटारीची जाहिरात लिहिली. इंजिनाबद्दल अवाक्षर नाही; फक्त पश्चिमेचा मोकळा मुलूख, घोड्यावरचा काउबॉय आणि त्याच्याशी शर्यत लावणारी मोटारीतली मुलगी. वेस्टर्नचं कूळ सांगणाऱ्यांना माझं हेच उत्तर: थेल्मा-लुईसच्या वाट्याला आलेला तो लाल डोंगरांचा मुलूख जॉन फोर्डच्या वेस्टर्नमधून आला असेल, पण त्या मुलखात बाईला चाकामागे बसवलं ते मोटार विकणाऱ्यांनी.

दुसरा प्रतिस्पर्धी जास्त तगडा आहे. स्विस दिग्दर्शक आलें तानेरचा ‘मेसिदोर’ १९७९ चा, म्हणजे बारा वर्षं आधीचा. वाटेत भेटलेल्या दोन मुली, बलात्काराचा प्रयत्न, उलटा प्रहार, चोरलेलं पिस्तूल, मग परतीचा रस्ता बंद. कथानकाची हाडं तीच. तरी मी त्याला चुलतभाऊच म्हणेन, बाप नाही, कारण त्या मुली लिफ्ट मागत फिरतात. लुईसची १९६६ ची थंडरबर्ड तिची स्वतःची आहे. त्या एका गोष्टीने सारं बदलतं.

पटकथाकार कॅली खौरी तेव्हा म्युझिक व्हिडिओंच्या धंद्यात होती. दोन बायका आणि गुन्ह्यांची मालिका, ही कल्पना तिला सुचली गाडी चालवत घरी परतताना. ही तिची पहिलीच पटकथा, आणि तिला ऑस्कर मिळालं. किंडस्टेटचं नाव तिने ऐकलं असेल असं मी म्हणत नाही. पण चित्रपटाचा कणा बघा. थेल्माच्या भोळेपणामुळे लुईसची सगळी पुंजी चोरीला जाते, लुईस कोसळते, आणि आतापर्यंत ओझं वाटणारी थेल्मा सूत्रं हाती घेते. मैत्री तिथे सुरू होते. त्याआधी होती ती सोबत. ओव्हरलँडमध्ये कामांची अशी अदलाबदल कधी झालीच नाही, म्हणून तिथे धमकीच उरली.

मराठीत या घराण्याचं नाव घ्यायचं तर लोक हेमंत ढोमेच्या ‘झिम्मा’कडे (२०२१) बोट दाखवतील. बायका एकत्र इंग्लंडला जातात, भांडतात, मोकळ्या होतात. चित्रपट लोभस आहे. पण प्रवास सहल कंपनीचा आणि त्यांना फिरवणारा एक तरुण पुरुष. माझ्या वंशावळीत मी त्याला शेजारघरी ठेवलाय.