अग्निशामकाचे धैर्य आणि त्याचे शिक्षण

१४ एप्रिल हा दिवस आपल्या देशात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत अग्निशामक दलाचे ६६ जण कामी आले. त्यांच्या स्मृतीस दरवर्षी मानवंदना दिली जाते, आणि ते उचितच आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला मानवंदनेपाशी थांबून चालत नाही. हे जवान शूर होते याविषयी वाद नाही. ज्या जागी ते उभे होते तेथे त्यांनी त्या घटकेस उभे राहावे की मागे फिरावे, हे ठरविण्याची काही व्यवस्था होती काय, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज १२ एप्रिल रोजी कराचीहून मुंबईस आले. त्यात सुमारे १४०० टन स्फोटके व दारूगोळा होता आणि कराचीस त्यावर कापसाच्या हजारो गाठींची भर पडली होती. एका कोठारात तर खाली कापूस आणि वरच्या मजल्यावर स्फोटके अशी रचना होती. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लावावयाचा लाल बावटा जहाजावर नव्हता. १४ तारखेस दुपारी कापूस पेटल्याचे ध्यानात आले. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. परंतु कापसाची गाठ आतल्या आत धुमसत राहते आणि धुरामुळे आगीचे मूळ हाती लागेना. जहाजात काय भरले आहे, हे तेथे जमलेल्या अधिकाऱ्यांस ठाऊक झाले होते. जहाज बुडवावे, गोदीबाहेर ओढून न्यावे, की पाणी मारीत राहावे, याविषयी मात्र एकमत होईना आणि अखेरचा शब्द कोणाचा, हेही स्पष्ट नव्हते. शेजारच्या जहाजांवर कामे चालूच राहिली. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. सातशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. माहिती होती, निर्णय घेणारा कोणी नव्हता.

स्वातंत्र्यानंतर अग्निशमनाच्या पद्धतशीर शिक्षणाकडे लक्ष गेले. १९५६ साली रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय स्थापन झाले व पुढील वर्षी ते नागपुरास आले. परंतु त्याच काळात देशात रासायनिक उद्योग वाढू लागले आणि संकटाचे स्वरूपच पालटले. काही रसायने पाण्याच्या स्पर्शाने अधिक भडकतात. काही वायू डोळ्यांना दिसत नाहीत आणि जमिनीलगत पसरतात. तेथे बंब आणि हिंमत एवढीच शिदोरी पुरत नाही.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट वायू बाहेर पडला. कारखान्यातील काही कामगार वाऱ्याची दिशा पाहून तिच्या उलट धावले आणि बचावले. वस्तीतील लोकांना मात्र कोणीच काही शिकविले नव्हते. ओले फडके तोंडावर धरावे, एवढी साधी सूचनाही त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती. रुग्णालयांत लोटलेल्या गर्दीपुढे डॉक्टर उभे होते. हा वायू कोणता आणि त्यावर उपचार कोणता, हे त्यांना कोणी वेळेवर सांगितले नाही. मुंबईत निर्णयाचा अभाव होता, भोपाळात माहितीचा. हजारो माणसे प्राणांस मुकली.

या आघातानंतर कायदे झाले. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ साली आला. घातक रसायनांविषयीचे नियम १९८९ साली, तर रासायनिक अपघातांच्या पूर्वतयारीचे नियम १९९६ साली आले. १९८९ च्या मोटार वाहन नियमांनी टँकरवर रसायनाचे नाव, संयुक्त राष्ट्रसंघाने ठरविलेला क्रमांक, धोक्याचे चिन्ह व दूरध्वनी क्रमांक लिहिणे बंधनकारक केले. अमेरिकेत याच सुमारास मदतनिसांच्या शिक्षणाच्या पायऱ्या आखल्या गेल्या. पहिल्या पायरीवरील माणसाने धोका ओळखावा, दूर राहावे, इतरांस दूर ठेवावे आणि जाणकारांस कळवावे, एवढेच अपेक्षित असते. गळती थांबविण्याचे काम पुढच्या पायरीवरील, योग्य पोशाख व साधने असलेल्या माणसांचे. सर्वांवर एकच प्रमुख असतो आणि तो कोण, हे आधी ठरलेले असते. वाऱ्याच्या वरच्या अंगाने जावे, फलक दुरून वाचावा, नाव कळेपर्यंत पुढे पाऊल टाकू नये, हे धडे वाचावयास सोपे आहेत. समोर माणूस तडफडत असता पाळावयास फार कठीण. म्हणूनच ते वारंवार गिरवून घ्यावे लागतात.

बडोद्याच्या श्रोत्यांना हा इतिहास दूरचा वाटू नये. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ पासून आपल्या उंबरठ्याशी आहे, नंदेसरीची रासायनिक वसाहतही जवळच आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी जरोद येथे आहे, हा मोठा आधार होय. परंतु ही तुकडी येईपर्यंतची पहिली काही मिनिटे गावच्या बंबवाल्याची, पोलिसाची आणि रस्त्यावरील माणसाची असतात.

आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी या कारखान्यांतून अधिकारपदांवर आहेत. त्यांना एक विनंती करावीशी वाटते. कोठारात काय साठविले आहे, किती आहे आणि पाणी चालते की नाही, हे आपल्या भागातील अग्निशामक केंद्रास आधीच कळवावे. वर्षातून एकदा तेथील जवानांस बोलावून दाखवावे. १९४४ साली जहाजावर न लागलेला लाल बावटा लावणे अग्निशामकांच्या हाती नव्हते. ते काम माल वाहणाऱ्यांचे होते.