हलगीचा ठोका आणि साठवणीचा प्रश्न

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेडरिक गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जान आणि इतर गायिकांची गाणी मुद्रित केली. तेव्हापासून आपल्याकडचे गाणे तबकडीच्या मापाने कापले जाऊ लागले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे! १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार गावोगाव आंबेडकरी जलसे करीत होते. रात्र रात्र चालणाऱ्या अशा जलशातले ह्या मापात काय बसणार? फार तर एक सुटे गाणे. संवाद, हशा, श्रोत्यांची दाद सारे बाहेर.

पुढे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ह्यांचे आवाज तबकड्यांवर आणि कॅसेटवर आले, जयंतीला वस्त्यावस्त्यांत कर्ण्यावरून घुमले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वडिलांना अक्षरओळख नव्हती, त्यांना बाबासाहेब कळले ते ह्या गाण्यांतून. अशा तबकड्या इथे नवी मुंबईत काही घरांत अजून आहेत आणि खाडीच्या दमट हवेत त्यांना बुरशी लागते आहे. विद्यार्थ्यांना घेऊन मी त्या संगणकावर उतरवतो आहे. पहिला वाद झाला तो फाइल कोणत्या प्रकारची करायची ह्यावरून.

मुलांचे म्हणणे, एमपीथ्री करू, मोबाइलवर पाठवू. हिशेब त्यांच्या बाजूचा आहे. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी जागा खाते, १२८ केबीपीएसची एमपीथ्री १ एमबी. मग बाकीचे जाते कुठे? जर्मनीत हे तंत्र घडले ते कानाला जाणवत नाही ते गाळावे ह्या तत्त्वावर. मोठ्या आवाजाखाली दबलेला लहान आवाज टाकून द्यावा. (हे तत्त्व आपल्याला तरी नवे नाही!) तंत्र पारखताना ब्रांडेनबुर्ग ह्यांनी सुझान व्हेगा ह्या अमेरिकन गायिकेचे साथीविना गायलेले गाणे पुन्हा पुन्हा ऐकले. तिथे हलगी कुठली असणार? आणि ह्या तंत्राला जड जातो तो नेमका एकदम उठणारा ठोका. शांततेतून ठोका पडायच्या आधीच त्याची पुसट फरफट ऐकू येते, धार बोथट होते. ३२० केबीपीएसला हा दोष सहसा कळत नाही, हे मान्य. पण गाळलेले परत येत नाही, आणि त्या फाइलीवरून दुसरी एमपीथ्री काढली की आणखी गळती.

म्हणून मूळ प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची, फ्लॅक प्रकारात ठेवायची असे ठरले. २००१ मध्ये आलेला हा प्रकार कुणा कंपनीच्या मालकीचा नाही. तो जागा वाचवतो, पण आवाजातले काही टाकत नाही. मूळ प्रतीतली खरखरही काढायची नाही, कारण गाळणी लावली की खरखरीबरोबर गायकाचा श्वासही जाऊ शकतो. वाटायला मात्र त्यावरून एमपीथ्रीच काढायची. गाणे कपाटासाठी नव्हतेच, ते वस्तीत वाजले पाहिजे.

फ्लॅक फाइलीत देवनागरीत मजकूर लिहिता येतो. आमच्या हाती आलेल्या लेबलांवर गायकाचे नाव ठळक आहे. कोरसमधल्या बायका, हलगीवाला ह्यांचा पत्ता नाही. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना गाणी ऐकवून ती नावे आता एकेक करून विचारतो आहोत.