नव्या यंत्रांची सकळ लिपी

आमचा पेशा मराठी शिकविण्याचा. परंतु नव्या यंत्रांची हौस आम्हांला गेल्या शतकाच्या अखेरीस लागली, ती अद्याप सुटलेली नाही. नवा भ्रमणध्वनी हाती आला की प्रथम त्यावर मराठी कसे उमटते हे पाहावे, आज्ञावलीची सुधारित आवृत्ती आल्याची सूचना दिसली की हातातले काम टाकून ती उतरवून घ्यावी, हा आमचा जुना परिपाठ. हौशी माणसाच्या लेखी सुधारित आवृत्ती म्हणजे अधिक वेग आणि काही नव्या सोयी. मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या बाबतीत मात्र या सूचनेमागे आणखी एक प्रश्न गेली तीन-चार दशके उभा आहे. काल लिहिलेले उद्या वाचता येईल काय?

या प्रश्नाकडे आमचे लक्ष वेधले ते एका साध्या घटनेने. विभागातील कपाट आवरताना १९९८ सालची एक फ्लॉपी सापडली. तीवर एका चर्चासत्रातील निबंध होते. फ्लॉपी वाचू शकणारा संगणक मिळविण्यातच एक आठवडा गेला. अखेर फाइल उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि विरामचिन्हे यांची खिचडी दिसली. मजकुरातील एकही चिन्ह पुसले गेले नव्हते. तरीही एक शब्द वाचता येत नव्हता. ज्या टंकात ते निबंध जुळविले होते, तो केवळ संगणकाच्या मागे एक कुलूप जोडल्यावरच चालत असे. ते कुलूप केव्हाच हरवले होते आणि टंकाची ती आवृत्ती विक्रेत्याकडेही उरली नव्हती.

मराठीच्या अभ्यासकाला अशा वेळी महानुभावांच्या सकळ लिपीची आठवण होणे स्वाभाविक आहे. पंथाचे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिलेले असल्यामुळे कित्येक शतके ते पंथाबाहेरच्या वाचकाला बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी लिपीची उकल झाली आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभीचा भागच नव्याने लिहावा लागला. महानुभावांनी आपले ग्रंथ हेतुतः झाकले होते आणि किल्ली जपून ठेवली होती. आपण मात्र काहीही झाकण्याचा हेतू नसताना आपला मजकूर सांकेतिक लिपीत लिहिला आणि किल्ली हरवून बसलो.

हे असे का झाले, याचे मूळ संगणकाच्याही मागे जाते. देवनागरीच्या छपाईला खिळ्यांचे शेकडो प्रकार लागत. टंकलेखनयंत्राला मात्र मोजक्याच कळा आणि एकेका कळीवर दोनच चिन्हे. म्हणून अक्षरे मोडावी लागली. अर्धा ‘ग’ आणि काना मिळून ‘ग’ तयार करावयाचा. उच्चारात व्यंजनानंतर येणारी ऱ्हस्व वेलांटी आधी उमटवावयाची. यंत्राला अक्षर ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते अक्षराच्या आकाराचे तुकडे. यंत्राची अडचण लिपीनेच सोसावी, हा त्या काळचा सर्वमान्य विचार होता. सावरकरांनी लिपिशुद्धीत ‘अि, अी, अु, अू’ ही बाराखडी पुरस्कारिली, तिच्यामागेही खिळ्यांची संख्या घटविण्याचा हेतू होताच.

संगणकाने हा संबंध उलटविण्याची संधी आणली. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले. ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९८८ मध्ये सिद्ध झाली आणि १९९१ मध्ये तिला सुधारित रूपात भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. तिच्या मुळाशी असलेली कल्पना आपल्या शिक्षाशास्त्राला परकी नाही. संकेत वर्णाला द्यावा, आकाराला नव्हे. वर्ण उच्चाराच्या क्रमाने साठवावेत. ‘क’, हलन्त आणि ‘ष’ असे तीन संकेत ओळीने आले की त्यांचा ‘क्ष’ करून दाखविणे हे यंत्राचे काम. लिपीने आपले अवयव तोडून द्यावेत, ही अट येथे प्रथमच नाहीशी झाली.

बाजाराने मात्र दुसरी वाट धरली. पृष्ठरचनेच्या त्या काळच्या सर्वपरिचित आज्ञावल्यांना जोडाक्षरे घडविता येत नव्हती. त्यांना फक्त इंग्रजी ठाऊक होते आणि एका टंकात २५६ स्थाने होती. तेव्हा रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकारांचे तुकडे बसवावेत, म्हणजे आज्ञावलीला आपण इंग्रजीच हाताळीत आहोत असे वाटेल, ही युक्ती निघाली. कोणता तुकडा कोणत्या स्थानी, हे प्रत्येक विक्रेत्याने आपल्या मनाने ठरविले. या युक्तीस दोष देणे सोपे आहे. पण त्या काळी फाइलचे आयुष्य छपाईपर्यंतचेच मानले जाई. वाचक कागदाचा होता आणि कागदावर सारे काही ठीक उमटत होते. १९९०च्या दशकातील दिवाळी अंक, कवितासंग्रह, विशेषांक यांतील कितीतरी मजकूर अशा टंकांत जुळविला गेला.

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तीमधील देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवर आधारलेली होती. पुढे २००० साली आलेल्या विंडोज २००० या प्रणालीत देवनागरी प्रथमच अंगभूत झाली. तिच्यातील ‘मंगल’ हा टंक र. कृ. जोशी यांनी घडविला. १९३६ ते २००८ हा त्यांचा जीवनकाल. सुलेखनकार आणि मराठीतील प्रयोगशील कवी अशी त्यांची ओळख वाचकांना आहेच. कवितेच्या पानावर अक्षराचे दृश्यरूप तपासणाऱ्या माणसाकडेच लक्षावधी पडद्यांवरील अक्षर घडविण्याचे काम यावे, याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासाने घेतली पाहिजे.

तथापि एवढ्याने मराठीचा प्रश्न सुटला नाही. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरुजन आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. हा भेद हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये या ‘ऱ्’ची सोय झाली ती एका वेगळ्याच वर्णाच्या आश्रयाने: द्राविड भाषांतील एका र-ध्वनीच्या लिप्यंतरासाठी ठेवलेल्या, नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडावयाचा. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत हेच रूप साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य सांधणारे चिन्ह जोडून लिहिले जाई, जुन्या मजकुरासाठी ती रीतही चालू ठेवण्यात आली. परिणाम असा की पडद्यावर तंतोतंत सारखे दिसणारे दोन शब्द यंत्राच्या दृष्टीने भिन्न असू शकतात. शब्दसूची करणाऱ्या विद्यार्थ्याने एक रूप शोधावे आणि दुसऱ्या रीतीने लिहिलेले प्रयोग त्याच्या हाती लागूच नयेत, असे घडते.

‘ॲ’ची कथाही अशीच. ‘अ’वर चंद्र देऊन लिहिण्याच्या मराठी रूपाला स्वतंत्र संकेत मिळाला तो २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत हाताशी होता तो ‘ए’वर चंद्र असलेला ‘ऍ’. त्यामुळे आज कोणी ‘ऍकॅडमी’ असे रूप पाहून लेखकाची लेखनविषयक भूमिका ठरवू लागला, तर त्याने आधी तो मजकूर कोणत्या साली टंकित झाला हे पाहावे. लेखकाला निवड करण्याची मुभाच नव्हती, असा तो प्रसंग असेल. मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’ यांना तर स्वतंत्र संकेत नाहीतच. मजकूर मराठी आहे हे यंत्राला सांगितले आणि टंकात तशी सोय असली, तरच ती वळणे उमटतात. एकच लेख एका पडद्यावर मराठी वळणाचा आणि दुसऱ्यावर हिंदी वळणाचा दिसतो, तो यामुळे.

या साऱ्याचा पाठचिकित्सेशी थेट संबंध आहे, हे आम्हांला येथे मांडावयाचे आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती हस्तलिखितांच्या परंपरेत अपपाठ शिरले होते म्हणून. लेखनिक ओळ गाळतो, सारख्या अक्षरांत घोटाळा करतो, न कळलेल्या शब्दाच्या जागी कळणारा शब्द घालतो. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरक आज्ञावली हा आपल्या काळचा लेखनिक आहे. तो कधी थकत नाही, परंतु चुकतो. आणि त्याची चूक एका ठिकाणी न राहता सर्व पानांवर एकसारखी पसरते. मानवी लेखनिकाच्या प्रमादांचे वर्गीकरण आपण वर्गात शिकवितो. या नव्या लेखनिकाच्या प्रमादांचे वर्गीकरण मात्र अजून अभ्यासक्रमात आलेले नाही.

ते यावे, असे आमचे मत आहे. १९९० नंतरच्या साहित्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्याला मूळ मजकूर कोणत्या टंकात होता, रूपांतर कोणत्या साधनाने झाले आणि छापील प्रतीशी ते कोणी ताडून पाहिले, हे विचारावे लागेल. ज्यांच्याकडे जुन्या फाइली आहेत, त्यांनी टंकाचे नाव आणि शक्य तर टंकही त्यांसोबत जपावा. छापील प्रत तर टाकू नयेच. युनिकोडने एक अभय दिले आहे: एकदा वर्णाला दिलेला संकेत पुढील कोणत्याही आवृत्तीत काढून घेतला जाणार नाही. आवृत्त्यांच्या या अखंड रहाटगाडग्यात एवढी एकच गोष्ट न बदलण्याचे वचन देऊन बसली आहे. जुना मजकूर तेथवर आणून पोचविणे हे काम मात्र आपलेच आहे.

आमच्या त्या फ्लॉपीतील निबंधांचे अखेर रूपांतर झाले. सुदैवाने चर्चासत्राची छापील पुस्तिका ग्रंथालयात होती. तिच्याशी आम्ही ओळ न् ओळ ताडून पाहिली. एका निबंधात ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ असा शब्दप्रयोग सात ठिकाणी होता. रूपांतरात सातही ठिकाणी ‘सह्याद्रीच्या दर्या’ झाले होते. आम्ही ते दुरुस्त केले. पण पुस्तिका हाती नसती, तर पन्नास वर्षांनी एखाद्या व्यासंगी संपादकाने त्या पर्वतातील समुद्राच्या रूपकावर दोन पाने खर्ची घातली असती. आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नसता.