वेगाचे घराणे



मराठीच्या अध्यापकाने क्रिकेटवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु ग्वाल्हेर संस्थानचा संघही 1943-44 च्या हंगामात रणजी करंडकाचा एकच सामना खेळून इतिहासजमा झाला. अर्ध्यावर राहिलेल्या कर्तृत्वाची मला ओढ आहे ती तेव्हापासूनची म्हणा. आज स्मरण करावयाचे आहे ते पांडुरंग साळगावकर यांचे.

1949 साली जन्मलेला हा महाराष्ट्राचा द्रुतगती गोलंदाज 1971-72 मध्ये प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये उतरला. तो काळ बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्या फिरकीचा. नवा चेंडू आबिद अली, सोलकर, प्रसंगी गावसकरही टाकीत, तो केवळ त्याची लकाकी जावी म्हणून! अशा वेळी खराखुरा वेग घेऊन एक तरुण आला. 1974 च्या आरंभी तो भारतीय संघातून श्रीलंकेला गेला. श्रीलंकेला तेव्हा कसोटीचा दर्जा नव्हता. त्यामुळे ते सामने कसोटी म्हणून गणले गेले नाहीत. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या दौऱ्यासाठी मात्र त्याची निवड झाली नाही.

त्या जूनमध्ये मी रेडिओला कान लावून बसलो होतो. लॉर्ड्सवर ओल्ड आणि अर्नोल्ड यांच्यापुढे आपला दुसरा डाव 17 षटकांत 42 धावांत आटोपला. साळगावकर असते तर निकाल बदलला असता, असे मी म्हणणार नाही. डाव फलंदाजांचा कोसळला होता. पण ज्या देशात वेगाला मान नाही, तेथील फलंदाजांना वेगाचा सराव तरी कोठून मिळणार?

पुढे 1978 मध्ये कपिल देव आले आणि काळ पालटला. साळगावकर 1981-82 पर्यंत खेळले. प्रथम श्रेणीत दोनशेहून अधिक बळी, आणि कसोटी एकही नाही.

आपण ग्वाल्हेरकर घराण्याचे मोल जाणतो. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी शिकले, म्हणून येथील ख्याल महाराष्ट्रात रुजला. गळा ईश्वरी देणगी खरी, पण घराण्यावाचून ती अधांतरी राहते. फिरकीला आपल्याकडे अशी परंपरा होती, वेगाला नव्हती. मद्रासला डेनिस लिली यांच्या मार्गदर्शनाखाली एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झाले ते 1987 मध्ये. साळगावकरांसाठी फार उशिरा.

हे बोलताना माझाच एक अपराध आठवतो. माझ्या वर्गातील एका मुलाची भाषा रूढ चाकोरीत बसत नव्हती. मी त्याला ‘अजून थोडे थांब’ असे सांगितले. तो थांबला, आणि मग त्याने लिहिणेच सोडले. निवड समिती केवळ क्रिकेटमध्येच असते असे नाही. प्रत्येक शिक्षक रोज वर्गात निवड करीत असतो. ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, त्यांनी कोणालाही थांबावयास सांगितले नाही. म्हणूनच आपण आज येथे जमलो आहोत.